मामांचा आवाज, संबळ आणि लॅपटॉप : कोणी कोणामागे जायचे?

रात्रपाळी (प्रश्न)

नमस्कार. पुण्यात आम्हा चौघांचा एक नवा बँड आकाराला येत आहे. गेल्या आठ महिन्यांत सहा गाणी बांधून झाली असून त्यांपैकी एका गाण्याने आम्हाला पुरते अडवले आहे. आमचे मुख्य गायक बार्शीकडच्या गोंधळी घराण्यातले आहेत. त्यांचे वय बावन्न आहे आणि आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. संबळ त्यांचा पुतण्या वाजवतो, बेस गिटार एक मैत्रीण वाजवते आणि लॅपटॉप, सिंथेसायझर व त्यांतून जे काही बाहेर पडते त्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. मी दिवसा नोकरी करतो आणि रात्री हे काम करतो, त्यामुळे पुढील मजकुरात काही तांत्रिक अडाणीपणा आढळल्यास सांभाळून घ्यावे.

अडलेले गाणे गोंधळातल्या एका पारंपरिक चालीवर आहे. मी आधी मिनिटाला १०४ मात्रांच्या लयीत ठेका बांधला, त्यावर सिंथेसायझरचे लांबवलेले स्वरपुंज पसरले आणि मग हेडफोनमध्ये क्लिक देऊन मामांकडून गाऊन घेतले. पहिली ओळ संपताच त्यांनी हेडफोनची डावी बाजू मागे सरकवली, तळवा कानावर ठेवला आणि विचारले, "हे टकटक कोण करतंय?" समजावून सांगितल्यावर त्यांनी ती टकटक काटेकोरपणे पाळली, पण गाण्यातला जीवच गेला. बँकेतला अर्ज मोठ्याने वाचून दाखवावा तसे ते वाटत होते.

दुसरी अडचण गंधाराची आहे. मामा काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी षड्ज धरून) गातात आणि त्यांचा गंधार माझ्या कीबोर्डवरच्या गंधाराशी कधीच जुळत नाही, तो किंचित खाली बसतो. ज्या स्टुडिओत आम्ही एक दिवस घेतला होता, तेथील ध्वनिमुद्रकाने आम्हाला न विचारता सूर सरळ करणारे सॉफ्टवेअर त्यांच्या आवाजावर चालवले. मामांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि पुतण्याला एवढेच म्हणाले, "कोण गातोय हा? ओळखीचा वाटतोय."

शिवाय गोंधळाची लय चढत जाते. पुतण्या साधारण ९०ला सुरुवात करतो आणि शेवटी १४०च्या पुढे पोहोचतो, तर माझे सगळे तयार तुकडे एकाच लयीत बांधलेले आहेत. हे एकत्र कसे नांदवावे? जाता जाता हेही विचारतो की, गाणे प्रसिद्ध करताना चाल 'पारंपरिक' लिहिली म्हणजे नाव आणि पैसा या बाबी मिटतात का? आमच्यात त्यावरून थोडी कुजबुज सुरू झाली आहे.

खर्जातला

मी बावीस वर्षे कार्यक्रमांची ध्वनिव्यवस्था पाहतो, त्यात जागरण-गोंधळापासून कॉलेजांच्या महोत्सवांपर्यंत सगळे आले. तुमचा क्रम उलटा आहे, एवढेच माझे मुख्य म्हणणे आहे. ठेका आधी आणि गळा नंतर, ही पद्धत ज्या संगीतातून आली त्यात गायक क्लिकवरच वाढलेला असतो. मामा संबळावर वाढले आहेत. त्यामुळे पहिल्यांदा मामा, संबळ आणि तुणतुणे हे तिघे एकाच खोलीत, एकमेकांच्या नजरेसमोर, क्लिकशिवाय ध्वनिमुद्रित करा. संबळाचा आवाज मामांच्या मायक्रोफोनमध्ये शिरेल, तो शिरू द्या. मायक्रोफोन साधा डायनॅमिक आणि एकाच दिशेने ऐकणारा घ्या, संबळ त्याच्या पाठीमागच्या बाजूला येईल अशी मांडणी करा, म्हणजे शिरकाव सहन होण्याइतका राहील. मग त्या ध्वनिमुद्रणावर बसून मात्रेमात्रेला खुणा करा आणि सॉफ्टवेअरला त्यांतून लयीचा नकाशा काढू द्या. असे केले की तुमचा ठेका, तुमचे प्रतिध्वनी, सगळे ९०वरून १४०कडे मामांच्या मागोमाग चढेल. प्रतिध्वनीचे अंतर मिलिसेकंदांत पक्के ठेवू नका, कारण ९०च्या लयीत अर्धी मात्रा सुमारे ३३३ मिलिसेकंदांची असते आणि १४०ला ती २१४वर येते. पहिल्या लयीचे अंतर शेवटपर्यंत तसेच राहिले तर उत्कर्षाच्या जागी निव्वळ चिखल होतो.

मंचावर नकाशा उपयोगाचा नाही, कारण कोणताही गोंधळी कालच्यासारखा आज वाढत नाही. एबलटन लाइव्ह या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये ११व्या आवृत्तीपासून बाहेरून येणाऱ्या आवाजाची लय ओळखून तिच्यामागे जाण्याची सोय आहे. तिला फक्त संबळाचा मायक्रोफोन जोडा, गळा जोडू नका, आणि शक्यतो संबळाच्या मोठ्या तोंडाचा घुमारा कापून लहान तोंडाचे टणक आघातच तिच्यापर्यंत जाऊ द्या. तरीही ती कधीतरी दुप्पट किंवा निम्मी लय पकडेल. अशा वेळी हाताने लय टिपून देण्याचे बटण तुमच्या बोटाखाली असलेच पाहिजे.

आता गंधार. मामांचा गंधार बेसूर नाही, तुमचा कीबोर्ड तडजोडीचा आहे. षड्जाशी ५:४ या प्रमाणात लागणारा शुद्ध गंधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर (पूर्ण सप्तक १२०० सेंटांचे) येतो, तर कीबोर्डावर सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले असल्याने तो ४००वर बसवलेला असतो. १४ सेंटांचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण लांबवलेल्या स्वरपुंजात गंधार सतत वाजत असेल आणि वरून मामा आपला गंधार लावत असतील, तर दोघांच्या घर्षणातून थरथर ऐकू येते आणि ऐकणाऱ्याला वाटते की गायकच घसरला. त्या ध्वनिमुद्रकाने सॉफ्टवेअर लावून मामांना ४००वर नेऊन बसवले. मग ते 'ओळखीचे' वाटले यात नवल नाही! पंचमाचा प्रश्न येत नाही, तेथे फरक जेमतेम २ सेंटांचा आहे. म्हणून सोपा उपाय असा की, तुमच्या स्वरपुंजातून गंधार काढून टाका आणि फक्त षड्ज-पंचम ठेवा. गंधार हवाच असेल तर लाइव्हच्या १२व्या आवृत्तीत स्वरांची अंतरे आपल्याला हवी तशी लावता येतात, तेथे तो मामांच्या गळ्यावरून मोजून बसवा. तुणतुण्याची तार मात्र रोज तपासा, ती दिव्यांच्या उष्णतेने उतरते आणि मामा तारेबरोबर उतरतात.

काळी चार ही तुमच्या दृष्टीने पर्वणी आहे. त्या षड्जाचा खर्ज दोन सप्तके खाली नेला की सुमारे ५२ हर्ट्झवर येतो, जो कोणत्याही बऱ्या सबवूफरमधून छातीत जाणवतो. हेच गाणे काळी एकमध्ये असते तर षड्ज ३५ हर्ट्झच्या आसपास गेला असता, आणि तेवढे खाली आपल्याकडच्या बहुतेक सभागृहांतल्या भिंती वाजतात, स्पीकर वाजत नाहीत. मामांच्या खुल्या गळ्याची धार २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते. तुमच्या सिंथेसायझरचे करवतीसारखे स्वर तेथेच गर्दी करतात, म्हणून तो पट्टा सिंथेसायझरमधून खुशाल कापा, पण गळ्यातून कापू नका. आणि हेडफोन काढून टाका. मामांच्या समोर जमिनीवर एक मॉनिटर, डाव्या हाताला प्रत्यक्ष संबळ, एवढे त्यांना पुरे.

झीलकरी

वरील तांत्रिक सल्ल्यात माझी भर नाही, तेवढे मला कळतही नाही. मी वेगळ्या बाजूने लिहितो. माझे आजोळ तुळजापूरच्या वाटेवरचे, त्यामुळे तुळजाभवानीच्या कदमराई गोंधळ्यांचा फड आमच्या अंगणात अनेकदा पाहिला आहे. माहूरच्या रेणुकेचे रेणुराई गोंधळीही पुढे पाहिले, पण लहानपणी कानावर पडलेले ते पहिलेच.

गोंधळात नायक एकटा गात नाही. त्याच्या ओळीचा शेवट साथीदार उचलून धरतात, त्याला झील म्हणतात, आणि नायक त्या झिलीवर श्वास घेतो. आख्यान लावले की मध्येच गाणे थांबते, साथीदार भाबडेपणाने काहीतरी विचारतो, नायक उत्तर देतो, लोक हसतात, आणि पुन्हा संबळ उचलला जातो. तुमच्या वर्णनात मला झील धरणारा कोणी दिसला नाही. मामांची लय हरवली याचे अर्धे कारण टकटक असेल, अर्धे कारण हेही असेल की, त्यांची ओळ झेलायला कोणी नव्हते. पुतण्या आणि तुमची मैत्रीण यांना झील शिकवा. मग यंत्रावर फिरवायचे असेल तर मामांची ओळ फिरवू नका, झील फिरवा. ती मुळातच पुन्हा पुन्हा येण्यासाठी आहे, तिला फाडले, लांबवले, खर्जात नेले तरी तिचा अपमान होत नाही. नायकाची ओळ दर वेळी थोडी बदलून येते. तिचा एकच तुकडा चार वेळा चिकटवला की खेड्यातल्या म्हातारीलाही ते खोटे आहे हे कळते. आणि संवाद आला की यंत्र पूर्ण बंद ठेवा, तुणतुणे चालू राहू द्या.

दुसरा मुद्दा नाजूक आहे. चौक मांडून, दिवटी पेटवून, निरनिराळ्या ठिकाणच्या दैवतांना नावे घेऊन 'गोंधळाला या' म्हणणे हा विधीचा भाग आहे. आख्यान मनोरंजनाकडे झुकते, आवाहन झुकत नाही. ते मंचावर घ्यायचे की नाही, आणि जेथे समोर दारू चालते अशा ठिकाणी घ्यायचे की नाही, हे मामांनी ठरवावे. तुम्ही आधी विचारलेत तर ते स्पष्ट सांगतील. न विचारता घेतलेत तर ते गातील, पण मनाविरुद्ध.

आणखी एक, थोडे अवांतर. हे 'लोकसंगीत आणि इलेक्ट्रॉनिक' प्रकरण कोणी शहरातून शोधून आणले, असे समजण्याचे कारण नाही. मुंबईच्या बेंजो पार्टीतला बेंजो हा १९१२च्या सुमारास जपानमध्ये नागोया शहरात तयार झालेल्या तैशोगोतो या बटणांच्या तंतुवाद्याचा वंशज आहे. आपल्याकडे तो बुलबुलतरंग झाला, मग त्याला विजेचा पिकअप लागला आणि गणपतीच्या मिरवणुकीत तो कर्ण्यांतून कोळीगीते वाजवू लागला. १९८५मध्ये बाजारात आलेला रोलंडचा ऑक्टापॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, आज कितीतरी जागरण पार्ट्यांत संबळाशेजारी उभा असतो. त्याच मुंबईत चरणजित सिंग या चित्रपटसंगीतातल्या वादकाने १९८२मध्ये सिंथेसायझर व ड्रम मशीनवर दहा राग वाजवून तबकडी काढली होती, तिच्याकडे जगाचे लक्ष २०१०च्या पुनर्प्रकाशनानंतर गेले. म्हणून 'आम्ही पहिले' असे पोस्टरवर लिहू नका, एवढीच विनंती.

समुद्रसपाटीखालून

मी गेली काही वर्षे रॉटरडॅमला राहते. २०२१ची युरोव्हिजन ही देशादेशांतली गीतस्पर्धा आमच्याच शहरात झाली आणि युक्रेनकडून जो गट आला होता त्याचे नाव वाचून आमच्या घरी सर्वांना तो गोव्याचाच वाटला, कारण ते 'गो' आणि 'आ' असे लिहिलेले होते. इंग्रजीतले 'जा' आणि ग्रीक वर्णमालेतले पहिले अक्षर, मिळून 'मुळाकडे जा', असा त्याचा खुलासा नंतर कळला. २०१२मध्ये सुरू झालेला हा गट कातेरिना पाव्लेंको यांचा लोकगायनाचा गळा, सोपिल्का ही बासरी आणि क्लबातला इलेक्ट्रॉनिक ठेका यांची सांगड घालतो. तुमच्या प्रश्नाशी त्याचा जवळचा संबंध आहे, म्हणून लिहिते.

त्यांच्या गळ्याच्या पद्धतीला तिकडे 'पांढरा आवाज' म्हणतात. घसा पूर्ण मोकळा सोडून, कंपन न घालता, शेतापलीकडच्या माणसाला हाक मारावी तसा तो स्वर फेकला जातो. मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला आमच्या शेजारच्या गावातला पोतराज आठवला. 'शुम' हे त्यांचे स्पर्धेतले गाणे वसंत ऋतूला बोलावण्यासाठी गायल्या जाणाऱ्या वेस्न्यांका या विधिगीतांच्या परंपरेतून आले आहे. त्यात तुमच्या कामाची गोष्ट अशी की, ते गाणे एका लयीत राहत नाही. शेवटाकडे ते सरळ धावत सुटते आणि ठेकाही धावतो. नृत्यासाठीचे इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच लय, हा आपला समज तेथे साफ मोडलेला दिसतो. परक्या भाषेतले, गोड न केलेल्या आवाजातले, लय बदलणारे ते गाणे एकूण ३६४ गुण मिळवून पाचवे आले आणि प्रेक्षकांच्या मतांत तर दुसरे. परीक्षकांनी त्याला तितकेसे उचलून धरले नव्हते. तुमच्या स्टुडिओतल्या गृहस्थांशी त्यांचे चांगले जमले असते!

एक इशारा मात्र देते. मी नंतर त्यांच्यासारखे करू पाहणारे अनेक गट ऐकले आणि बहुतेक ठिकाणी गळा फक्त सुरुवातीला, मसाल्यासारखा येतो, पुढचे सगळे गाणे कोणाचेही असू शकते. मामांना प्रस्तावनेपुरते ठेवण्याचा मोह टाळा.

कलम_अडतीस

'पारंपरिक' लिहिल्याने प्रश्न मिटत नाही, फक्त एक प्रश्न मिटतो. खरोखर अनामिक आणि जुन्या चालीवर कोणाचा कॉपीराइट नसतो. पण आधी ती तशी आहे का, हे पाहावे लागते. आपल्याकडे लोकांच्या तोंडी बसलेली कितीतरी गाणी लोकगीते समजली जातात आणि प्रत्यक्षात त्यांचा कवी ठाऊक असतो. लोककवी वामनदादा कर्डक २००४मध्ये गेले. कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे मोजायची, हा १९५७च्या कॉपीराइट कायद्याचा नियम पाहता त्यांच्या रचनांवरचा हक्क २०६४अखेरपर्यंत चालू राहील. अण्णा भाऊ साठे १९६९मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या बाबतीत २०२९अखेर. मामांनी चाल आणि शब्द कोणाकडून घेतले, त्यांनी स्वतः कोणती कडवी जोडली, हे त्यांच्याशी बसून लिहून काढा. मला अनुभवाने वाटते की त्यांनी जोडलेली कडवी निघतीलच, आणि त्या कडव्यांचे लेखक ते स्वतः आहेत.

चाल अनामिक असली तरी मामांचे गाणे अनामिक नाही. कलम ३८प्रमाणे गायक-वादकांना आपल्या सादरीकरणावर पन्नास वर्षे स्वतंत्र हक्क असतो, आणि २०१२च्या दुरुस्तीने आलेल्या ३८ ख या कलमाने त्यांना आपले नाव लावून घेण्याचा व प्रतिष्ठेला बाधा येईल अशा विकृतीला हरकत घेण्याचा अधिकार दिला आहे. न विचारता गळ्यावर सॉफ्टवेअर चालवण्याचा प्रकार त्या दृष्टीने मी हसण्यावारी नेणार नाही. पुतण्याचा संबळही सादरीकरणच आहे, त्याला 'साथ' म्हणून एकरकमी बिदागी देऊन मोकळे होऊ नका. ध्वनिमुद्रणाचा हक्क, जो साठ वर्षे असतो, तो चौघांत कसा वाटायचा याचा एक पानाचा मराठीतला करार करा, मामांना मोठ्याने वाचून दाखवा आणि मगच सह्या घ्या. शब्द आणि चालीवरचे मानधन गोळा करण्यासाठी गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस ही संस्था आहे, तेथे मामांचे सभासदत्व त्यांच्याच नावाने घ्या, बँडच्या नावाने नको.

पुढे कधी जात्यावरच्या ओव्या घ्यायच्या झाल्या तर हेच तारतम्य ठेवा. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेडोपाडी फिरून जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या २०१७पासून 'परी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर येत आहेत. त्यांत गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव दिलेले असते. आवाज ऐकायला खुला आहे म्हणून कापून ठेक्यावर चिकटवायला खुला आहे, असे होत नाही.

रात्रपाळी

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण आधी करून पाहायचे होते.

रविवारच्या तालमीत हेडफोन काढले आणि स्वरपुंजातला गंधार काढून टाकला. मामांनी पहिली ओळ लावली आणि दुसऱ्या ओळीच्या आधी हात वर करून सगळ्यांना थांबवले. मला वाटले, पुन्हा काही बिनसले. ते म्हणाले, "ते खालचं घुमतंय ते जरा वाढव." खर्जातला यांचे ५२ हर्ट्झ त्यांना पावले. त्यानंतर सलग अकरा मिनिटे गाणे झाले, जे आम्ही साडेचार मिनिटांचे समजत होतो.

लयीमागे जाणारी सोय १२०पर्यंत व्यवस्थित चालली. त्यानंतर पुतण्याने दुगुण, म्हणजे दुप्पट लय, घेतली आणि लॅपटॉप भलतीकडेच धावला. मी बटणावर लय टिपून त्याला परत आणले खरे, पण त्यासाठी मला पडद्याऐवजी पुतण्याच्या मनगटाकडे पाहावे लागले. लॅपटॉप आता संबळाच्या शेजारी आणला आहे. मामांनाही ते बरे वाटले, कारण पडद्याचा उजेड त्यांच्या डोळ्यांवर येत होता आणि आठ महिन्यांत त्यांनी ते सांगितले नव्हते.

झीलकरी, आवाहनाचा विषय मी काढला. मामांनी ते ध्वनिमुद्रणातून वगळायला सांगितले आहे, मात्र देवीच्या जत्रेत बोलावणे आले तर मंचावर घेऊ म्हणाले. झील धरायला मैत्रीण तयार आहे, तिचा आवाज काळी चारमध्ये खालच्या अंगाला जातो आणि मामांच्या मते तो तसाच चांगला आहे.

कराराचे पान वाचून दाखवले. गाण्यातली तीन कडवी मामांच्या वडिलांची निघाली आणि एक त्यांचे स्वतःचे. वडिलांचे नाव कसे लिहायचे, हे त्यांनी पुतण्याला दोनदा स्पेलिंग विचारून माझ्याकडून लिहून घेतले. गाणे प्रसिद्ध करण्याची तारीख महिनाभर पुढे ढकलली आहे. अकरा मिनिटे तशीच ठेवावीत की छाटावीत, यावर मात्र चौघांचे अजून एकमत झालेले नाही.